चुन्याच्या भिंतीला चुनाच हवा



डिसेंबरात तेराव्या महिन्याचा पगार हाती पडला की आपल्या बेटावर घरोघरी एकच काम निघते, ते म्हणजे घराची डागडुजी. जुन्या दगडी पायाला ओल आलेली असते, आजोबांच्या वेळची कुंपणाची भिंत फुगलेली असते, मागच्या पडवीतल्या विटांचा भुगा पडत असतो. गवंडी येतो, भिंतीवर दोन ठोके मारतो आणि सांगतो, "पाडून टाका, ब्लॉक लावून देतो." पाडायला मन होत नसेल तर दुसरा सल्ला तयार असतो, "वरून सिमेंट मारून देतो, मग बघायला नको." आज या दोन सल्ल्यांविषयी लिहायचे आहे. पहिला सल्ला कधी कधी बरोबर असतो. दुसरा, भिंत जर चुन्याने बांधलेली असेल तर, जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो.

हा विषय समजून घेण्यासाठी आम्ही वाचकांना जपानात नेणार आहोत. जपानच का, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की दगडविटांची जुनी भिंत राखणे जिथे सर्वांत अवघड, असा तो देश आहे. तिथली जमीन सारखी हलते, वादळे येतात, पाऊसही भरपूर. अशा ठिकाणी ज्यांनी जुन्या भिंती टिकवल्या त्यांचे काम पाहिले म्हणजे आपली सबब किती खरी आणि किती आळसाची, हे कळते.

जपान म्हटले की लाकडाचे आणि कागदी सरकत्या दारांचे घर डोळ्यांपुढे येते, आणि ते खरेही आहे. वीट त्या देशात उशिरा आली. १८७२ साली टोकियोचा गिन्झा भाग आगीत जळाला, तेव्हा सरकारने तो पुन्हा विटांचा बांधायचे ठरवले. वीट जळत नाही, हा साधा हिशेब. परदेशी अभियंत्याच्या देखरेखीखाली रांगेने घरे उभी राहिली, पण सुरुवातीला त्यांतली कितीतरी रिकामीच पडली. घरे महाग होती आणि आत ओल होती. चारी बाजूंनी वारा खेळणाऱ्या लाकडी घरात वाढलेल्या माणसाला ती बंदिस्त ओल कशी सोसावी?

त्याच १८७२ साली तोमिओका या गावी सरकारी रेशीम गिरणी सुरू झाली. तिची हकिकत आपल्या विषयाला फार जवळची आहे. आराखडा फ्रेंच माणसाचा, लाकडी सांगाडा जपानी सुतारांचा. विटा मात्र कौले भाजणाऱ्या कारागिरांनी भाजल्या, कारण वीट भाजणारा कोणी तिथे नव्हताच. विटा जोडायला सिमेंट मिळेना. मग त्यांनी आपला घरचा चुना काढला. जपानी लोक त्याला शिक्कुई म्हणतात. चुन्यात अंबाडीसारखे तंतू आणि समुद्रातले शेवाळ शिजवून काढलेला चिकट रस घालून तो मळतात. आता महाराष्ट्रातले किल्ले आठवा. अनेक किल्ल्यांवर चुन्याचा घाणा दाखवतात. दगडात कोरलेला गोल चर आणि त्यात बैल जुंपून फिरवायचे जड दगडी चाक. तिथे चुन्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर घालीत. एकाने शेवाळ घातले, दुसऱ्याने गूळ घातला. दोघांचा हेतू एकच, की चुना चिवट व्हावा आणि वाळताना फुटू नये.

तोमिओकाची गिरणी आजही उभी आहे. २०१४ साली तिचे नाव जागतिक वारसा यादीत गेले. तिच्या पश्चिमेकडच्या मोठ्या कोठाराची दुरुस्ती होऊन ते २०२० मध्ये खुले झाले. त्या कामात आत काचेची आणि पोलादाची वेगळी खोली उभी केली आहे आणि तीच खोली जुन्या इमारतीला आधारही देते. बाहेरून पाहणाऱ्याला जुनीच भिंत दिसते.

मग वीट जपानात का रुजली नाही? उत्तर भूकंपात आहे. २८ ऑक्टोबर १८९१ रोजी नोबीच्या मैदानी प्रदेशात मोठा भूकंप झाला. सात हजारांहून अधिक माणसे गेली, आणि पश्चिमी पद्धतीने नव्याने बांधलेल्या विटांच्या इमारती कोसळल्या. भूकंपशास्त्राचे एक आद्य अभ्यासक जॉन मिल्न तेव्हा जपानातच होते. त्यांनी त्या पडझडीची छायाचित्रांसह नोंद करून ठेवली. त्यानंतर बांधणारे सावध झाले आणि विटांच्या भिंतींत लोखंड घालू लागले. योकोहामा बंदरातली लाल विटांची दोन गोदामे १९११ आणि १९१३ मध्ये अशीच बांधलेली आहेत. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात टोकियो-योकोहामा परिसरात एक लाखाहून अधिक माणसे मेली. त्यात या गोदामांपैकी एकाचा जवळजवळ अर्धा भाग गेला, बाकीचे राहिले. तरीही देशाचा विटेवरचा विश्वास उडाला तो उडालाच. पुढच्या मोठ्या इमारती सळई-काँक्रीटच्या झाल्या.

त्या १९२३ च्या भूकंपाशी भारतीयांचेही नाते आहे. योकोहामात रेशमाचा व्यापार करणारे भारतीय व्यापारी होते. त्यांतले काही मेले आणि उरलेल्यांतले बरेच कोबे बंदरात गेले. संकटात जपानी लोकांनी दिलेल्या आसऱ्याची आठवण म्हणून योकोहामाच्या यामाशिता उद्यानात भारतीयांनी पाण्याचे एक सुंदर स्मारक बांधून दिले. ते १९३९ पासून तिथे आहे. परक्या किनाऱ्यावर गेलेल्या आपल्या माणसांनी मागे ठेवलेल्या वास्तूंपैकी ती एक.

आता कोबेलाच थांबू, कारण आपल्या विषयाचे खरे घर तिथे आहे. शहराच्या मागे डोंगराच्या उतारावर कितानो नावाची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून परदेशी व्यापाऱ्यांनी तिथे घरे बांधली. बहुतेक लाकडी, रंगीत फळ्यांची. आपल्या क्युरपीपच्या बाजूला पूर्वी जशी व्हरांड्याची घरे दिसत, त्यांच्या जवळची म्हणा ना. त्यांत एक घर मात्र लाल विटांचे आहे. थॉमस नावाच्या जर्मन व्यापाऱ्यासाठी गेओर्ग द लालांद या जर्मन वास्तुविशारदाने ते १९०९ च्या सुमारास बांधले. त्याच्या टोकदार छपरावर वाऱ्याबरोबर फिरणारा लोखंडी कोंबडा आहे, म्हणून लोक त्याला वातकुक्कुटाचे घर म्हणतात. (शाळेच्या भूगोलात हा शब्द पाठ केलेल्या आमच्या पिढीला तो इथे भेटावा, याची गंमत वाटते.) १९७८ मध्ये जपान सरकारने ते राष्ट्राच्या महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्यांत घेतले. १९८० मध्ये ती सगळी वस्तीच जतन करायची म्हणून ठरली.

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे हादरले. ६,४३४ माणसे गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घराखाली दबून गेली. कितानोतल्या जुन्या घरांचे जे व्हायचे ते झाले, आणि सगळ्यांत आधी चिमण्या पडल्या. उंच, सडपातळ, विटांची चिमणी हा जुन्या घराचा सर्वांत दुबळा अवयव असतो. शेजारच्या एका फिकट हिरव्या घराची चिमणी उपटून खाली बागेत आदळली. घर दुरुस्त झाले, पण तो पडलेला विटांचा गठ्ठा त्यांनी उचलला नाही. आजही तो बागेत ठेवलेला आहे. तिथे आलेली शाळकरी मुले आधी त्याच्याकडे पाहतात आणि मग मान वर करून छपराकडे पाहतात. भूकंपावरचा पन्नास ओळींचा धडा जे करू शकणार नाही ते तो गठ्ठा करतो, असे आम्हां शिक्षकांना तरी वाटते.

वातकुक्कुटाच्या घरालाही १९९५ मध्ये दुखापत झाली. ते दुरुस्त झाले. पण "झाली दुरुस्ती, आता बघायला नको" असे कोणी म्हटले नाही. २०२३ मध्ये ते पुन्हा बंद केले गेले, भूकंपात टिकावे म्हणून त्याला बळकटी देण्यात आली आणि २०२५ मध्ये दारे पुन्हा उघडली. खाली बंदराजवळ पंधरा क्रमांकाची एक कचेरी आहे. १८८० च्या सुमाराची, लाकडी सांगाड्यात विटा भरून बांधलेली, एके काळी अमेरिकन वकिलात असलेली. ती १९९५ मध्ये उभी पडली. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी ट्रक आला असता. तिथे ढिगाऱ्यातून एकेक लाकूड आणि दगड निवडून काढले, वापरण्याजोगे जेवढे होते तेवढे परत लावले, आणि १९९८ मध्ये इमारत पुन्हा उभी केली. या वेळी पायाखाली रबरी बैठका घातल्या. जमीन हलली तरी तिचा धक्का वर पूर्ण पोचू नये, ही त्यांची युक्ती.

या सगळ्या कामांत एक रीत सारखी दिसते. बळ द्यायचे ते आतून आणि खालून द्यायचे. कुठे भिंतीच्या माथ्यापासून उभी भोके पाडून पोलादी सळ्या सोडतात, कुठे आत चौकट उभी करतात, कुठे पाया बदलतात. समोरचा चेहरा मात्र जुन्या विटांचा आणि जुन्या सांध्यांचाच ठेवतात. आणि हात लावण्याआधी मोजमाप, नकाशा, छायाचित्र. आपल्याकडे गवंडी आधी घण उचलतो.

आता चुना आणि सिमेंट यांचे भांडण. ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्याकडे इथेच फसगत होते. जुनी वीट मऊ असते, पाणी पिते. पावसात पिते आणि उन्हात सोडते. तिच्या भोवतीचा चुना तिच्याहूनही मऊ असतो, म्हणून भिंतीतली ओल सांध्यावाटे बाहेर जाते. जमीन खचली किंवा भिंत थोडी हलली तर चुना तेवढे सहन करतो, बारीक भेगा तर तो स्वतःच हळूहळू भरून काढतो. आता त्यावर सिमेंटचा गिलावा मारा. सिमेंट कठीण, ताठ आणि जवळजवळ बंद. पाणी पायातून आणि वरच्या भेगांतून आत शिरतच राहते, पण बाहेर पडायची वाट बुजते. पाण्याबरोबर क्षार येतात, ते विटेच्या कातडीखाली साठून फुगतात, आणि विटेचा चेहराच सुटून पडतो. भिंतीला लोणा लागला असे आपण म्हणतो ते हेच. चार-पाच वर्षांनी सिमेंटचा पापुद्रा निघतो तो विटेची साल घेऊनच निघतो. लोक म्हणतात, वीटच वाईट होती. वाईट दुरुस्ती होती, असे कोणी म्हणत नाही.

आपल्या बेटावरच्या जुन्या भिंती बहुतेक काळ्या दगडाच्या. हा दगड ज्वालामुखीचा, सह्याद्रीच्या दगडाचा भाऊबंद. घट्ट दगड पाणी फारसे पीत नाही. म्हणून तर सांध्याची जबाबदारी दुप्पट होते, कारण भिंतीला श्वास घ्यायला तेवढीच जागा. तो सांधा आपल्या पूर्वीच्या गवंड्यांनी समुद्रातले पोवळे भट्टीत भाजून केलेल्या चुन्याने भरला होता. किनाऱ्यावर अजून त्या जुन्या भट्ट्या पडक्या अवस्थेत दिसतात, आणि क्रिओलमध्ये 'लासो' हा शब्द आहेच. उसाच्या शेतात एकट्या उभ्या असलेल्या जुन्या साखर कारखान्यांच्या दगडी चिमण्या पाहा. कारखाना गेला, छप्पर गेले, चिमणी इतकी वादळे खाऊन उभी आहे.

वादळांचे नाव घेतले म्हणून सांगतो. १९६० च्या फेब्रुवारीत कॅरल वादळाने हजारो कुटुंबे उघड्यावर आणली. त्यानंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी काँक्रीटचा आसरा घेतला, त्याबद्दल त्यांना दोष देणे कृतघ्नपणा होईल. लाकूड-पत्र्याच्या घरात ती रात्र काढलेल्या माणसाला काँक्रीटचे छत हा देवाचा हात वाटला असणार. नवे घर काँक्रीटचे असण्याला आमची मुळीच हरकत नाही. तक्रार एवढीच की नव्या घराचे औषध जुन्या भिंतीला पाजले गेले.

आणि ते उतरवताही येते. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा झाला. तिथे आधीच्या दुरुस्त्यांत सिमेंट वापरले गेले होते. पुढे ते काढून दगडांच्या सांध्यांत पुन्हा चुना भरण्याचे काम झाले. रत्नागिरी, कोल्हापूर, साताऱ्याकडून आलेले आपले पणजोबा त्या काळ्या पायऱ्या चढून या बेटावर आले. त्या वास्तूला जो उपचार योग्य ठरला, तो आपल्या घराच्या पायाला का नसावा?

"पण हे काम करणार कोण?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्यातही जपानचा अनुभव उपयोगी आहे. टोकियोचे मध्यवर्ती स्थानक १९१४ साली लाल विटांनी बांधले गेले. १९४५ च्या बाँबवर्षावात त्याचे घुमट आणि तिसरा मजला गेला आणि युद्धानंतर घाईने दोन मजल्यांवर छप्पर टाकून ते चालवले. २००७ ते २०१२ या काळात ते मूळ रूपात परत आणले. त्या विटांमधला सांधा साधा सपाट नाही. तो बारीक, गोलसर, दोरीसारखा पुढे आलेला आहे. तसा सांधा भरण्याची हातोटी मधल्या काळात नाहीशी झाली होती. मग खास थाप्या घडवाव्या लागल्या आणि गवंड्यांना आधी सराव करावा लागला. जगातल्या एका श्रीमंत देशाला पैसे होते, यंत्रे होती, पण हात नव्हते. हात पुन्हा शिकवावे लागले.

जपानने हे धोके आधीच ओळखले होते. १९७५ मध्ये त्यांनी आपल्या वारसा कायद्यात अशी सोय केली की इमारतीबरोबर ती दुरुस्त करण्याची विद्याही जतन करायची, आणि त्या विद्येच्या जाणकारांना सरकारने मान्यता द्यायची. चुन्यामातीचा गिलावा करणारा, कौले घालणारा, हे तिथे नुसते मजूर मानले जात नाहीत. २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जपानच्या पारंपरिक बांधकामाच्या ज्या कला गेल्या, त्यांत भिंतीचा गिलावाही आहे. आपल्याकडे मुलगा परीक्षेत मागे पडला की आईबाप म्हणतात, याला आता गवंडीकामाला घालू. शिक्षा म्हणून! मग त्या कामाला चांगला हात कसा मिळणार?

धीराविषयी बोलायचे तर कुमामोतोचा किल्ला पाहावा. एप्रिल २०१६ च्या भूकंपात त्याच्या दगडी तटांचा सुमारे तीन दशांश भाग ढिला झाला, आणि एकूण तटाचा सुमारे दहावा हिस्सा कोसळला. मुख्य इमारत २०२१ पर्यंत उभी केली, पण सगळे काम पुरे व्हायचे साल त्यांनी २०५२ ठरवले आहे. पडलेल्या दगडांना क्रमांक घालून, जुनी छायाचित्रे ताडून, जो दगड जिथला तिथेच परत बसवायचा, अशी ती पद्धत.

इथे थोडे थांबून उलट बाजूही सांगितली पाहिजे. जुने ते सगळे राखा असा आमचा हट्ट नाही. भिंत माणसे मारते. १९७८ साली मियागी प्रांताच्या भूकंपात जी २८ माणसे मेली, त्यांतली १८ कुंपणाच्या आणि तत्सम भिंतींखाली मेली. त्यानंतर नियम कडक झाले. तरीही १८ जून २०१८ च्या सकाळी ओसाकाजवळ ताकात्सुकी येथे शाळेच्या पोहण्याच्या तलावाची ब्लॉकची भिंत रस्त्यावर पडली आणि शाळेत निघालेली नऊ वर्षांची मुलगी तिच्याखाली गेली. ती भिंत जुन्या चुन्याची नव्हती. एका भिंतीवर नंतर ब्लॉक रचून उंची वाढवलेली होती, आणि आतले लोखंड नियमाप्रमाणे नव्हते. त्यानंतर सबंध देशातल्या शाळांच्या भिंती तपासल्या गेल्या. वाचकहो, आपल्या घराच्या जुन्या दगडी जोत्यावर नंतर किती ओळी ब्लॉक चढवले आहेत, ते एकदा बाहेर जाऊन मोजा. ती भर आधी उतरवा. जोते राहील.

आपल्या मूळ मुलखातही ही गोष्ट फार महागात शिकावी लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीला भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंप फार मोठा नव्हता, घरे घातक होती. हात-दीड हात रुंद दगडी भिंती, पण आत नुसती माती, आणि वर मातीच्या जड धाब्याचे ओझे. भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून नव्हते. हादरा बसताच दोन्ही थर फाटून वेगळे झाले. पुढे जी घरे राखायची ठरली त्यांच्या दुरुस्तीची रीत साधी होती. ठरावीक अंतरावर भिंतीला आरपार भोक पाडून तिथे दोन्ही थर बांधून ठेवणारा लांब दगड किंवा सळई-काँक्रीटचा आडवा खुंट बसवायचा, आणि वरून घराला सगळीकडे फिरणारा पट्टा बांधायचा. कोबेतला पोलादी सांगाडा आणि मराठवाड्यातला हा खुंट, दोन्ही एकच गोष्ट करतात. भिंत एकसंध ठेवतात. फरक खर्चाचा. म्हणून "ते जपानी लोक, त्यांच्याकडे पैसा आहे" हे उत्तर पुरेसे नाही.

जपानच्या अगदी दक्षिणेला ओकिनावा प्रांतात ताकेतोमी नावाचे एक चिमुकले बेट आहे. वस्ती साडेतीनशेच्या आसपास. आम्हांला वाटते, आपल्याला खरा धडा कोबेपेक्षा या बेटाचा आहे. बुटकी घरे, वर लाल कौले, आणि वादळात ती उडू नयेत म्हणून कौलांच्या फटी पांढऱ्या चुन्याने लिंपलेल्या. हा चुना पोवळे भाजून केलेला, त्यात भाताचे तूस नव्हे तर पेंढा कुजवून मिसळायचा, अशी तिथली जुनी पद्धत. घराभोवती कुंपण पोवळ्याच्या खडबडीत दगडांचे, त्यात चुना नाही, सिमेंटही नाही. दगडावर दगड नुसते अडकवून ठेवलेले. फटींतून वारा निघून जातो, म्हणून भिंत वाऱ्याशी झगडत बसत नाही. वादळात काही दगड पडलेच तर घरची माणसे तेच दगड पुन्हा रचतात.

१९७२ साली ओकिनावा अमेरिकेकडून जपानकडे परत आले. त्या सुमारास बाहेरचे पैसेवाले या बेटावरची जमीन घेऊ लागले होते. त्याआधी १९७१ मध्ये दुष्काळ आणि वादळ यांनी लोक खचले होते. विकून निघून जाणे सोपे होते. पण बेटकऱ्यांनी चळवळ केली आणि १९८६ मध्ये आपली सनद लिहिली. जमीन विकायची नाही, बेट घाण करायचे नाही, त्याची रीत बिघडवायची नाही, घरे मोडायची नाहीत, आणि जे आहे ते वापरात आणायचे. पाचवे कलम आम्हांला सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण जतन म्हणजे कुलूप लावून ठेवणे नव्हे. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, सरकारने गाव जतनक्षेत्र म्हणून घेतले. आधी सनद, मग सरकार, हा क्रम लक्षात घ्या. आपण उलट बसतो. मंत्रालयाने काही करावे, मग आम्ही बघू.

तर आपण काय करायचे? घरापुरते सांगतो. आधी भिंतीला हात लावू नका, पाण्याचा शोध घ्या. निम्म्या वेळा दोष भिंतीत नसतोच. तो फुटक्या पन्हाळीत असतो, पायाशी चढलेल्या मातीत असतो किंवा दगडांत मुळे घातलेल्या वडा-पिंपळाच्या रोपट्यात असतो. तो काढल्यावर भिंतीला एक कोरडा हंगाम द्या. मग सांधा खिळ्याने खरवडून पाहा. पांढरट भुगा पडला, त्यात पोवळ्याचे किंवा शिंपल्याचे कण दिसले, तर तुमची भिंत चुन्याची आहे. तिथला सैल चुना छिन्नीने हाताने काढा. सांधा जितका रुंद, त्याच्या दुप्पट तरी खोल. फिरत्या पात्याचे यंत्र नको, ते दगडाच्या कडा कापते. धूळ झाडून सांधा पाण्याने भिजवा. एक भाग नीट विरवलेला चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू यांचे घट्ट मिश्रण करून थराथराने दर्जा भरा, आणि आठवडाभर ओले गोणपाट टांगून सावली ठेवा. उन्हात चुना वाळला तर तो मुरत नाही, नुसता वाळतो. चुना विरवताना डोळ्यांना आणि हातांना जपा, मुलांना जवळ येऊ देऊ नका. भिंत पोटातून फुगली असेल, ओळंब्यातून गेली असेल किंवा कोपऱ्यात उभी भेग रुंदावत असेल, तर हे घरगुती काम नव्हे. तिथे अभियंता बोलवा आणि तोवर त्या भिंतीखाली कोणाला बसू देऊ नका.

आणि समाजापुरते. आपल्या मंडळांच्या सभागृहांत गणेशोत्सवाच्या, शिवजयंतीच्या सभा होतात. वर्षातला एक शनिवार चुन्यासाठी काढता येईल. एखाद्या देवळाच्या आवारातली किंवा बैठकेची जुनी दगडी भिंत निवडावी, तिची छायाचित्रे काढावी, आणि जाणत्या गवंड्याच्या हाताखाली आठ-दहा तरुणांनी ती भरावी. माध्यमिक शाळेतली मुले आणली तर आणखी बरे. चुना विरतो तेव्हा पाणी का उकळते, आणि भिंतीत गेल्यावर तो हवेतून काय घेऊन पुन्हा दगड होतो, हे रसायनशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहिण्यापेक्षा बादलीत दाखवलेले बरे.

यासाठी पहिली गरज माणसांची आहे. व्हाकवा, कास्कावेल, ब्लॅक रिव्हर किंवा आणखी कुठे चुन्याच्या भट्टीवर काम केलेले, चुना विरवणारे किंवा दगडी सांधा भरणारे कोणी आजोबा-काका तुमच्या ओळखीत असतील, तर त्यांचा पत्ता त्यांच्या परवानगीने या पानाकडे कळवावा. पुढच्या कोरड्या हंगामाआधी त्यांना भेटायला जाता येईल.